तर्रीला विचारून चहा मांडा

सकाळच्या चहाचा प्रश्न आपल्याकडे नेहमी चुकीच्या ठिकाणी विचारला जातो, म्हणजे पिणाऱ्याला. ठेलेवाला विचारतो, "साधा की अद्रकवाला?" आणि गिऱ्हाईक अर्धवट झोपेत "अद्रक जास्त टाका" म्हणून मोकळं होतं. वास्तविक हे प्लेटीला विचारायला हवं. चंद्रपुरात सकाळी त्या प्लेटीत पोहे असतात, पोह्यांवर डावभर तर्री, तर्रीत बुडालेले चणे, वर कच्चा कांदा आणि कडेकडेनं पसरत जाणारं लाल तेल. एवढा बंदोबस्त झाल्यावर चहा कोणता, हे ठरवण्याचा अधिकार माणसाकडे उरत नाही. तर्री-पोह्यांसोबत चहा दुधाचा, बिनअद्रकाचा आणि जरा निवलेलाच हवा. हा हट्ट नव्हे, याला शास्त्राधार आहे. मिरचीचा जाळ ज्या संवेदकामुळे जाणवतो, तो शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली शोधला. त्यांच्या २०२१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. गंमत अशी, की तोच संवेदक साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेनंही जागा होतो. म्हणजे मिरची आणि चटका हे शरीराच्या लेखी सख्खे भाऊ. मे महिन्यात ज्यांच्या गावची हवाच ४३ ओलांडते, त्या चंद्रपूरकरांना हे सांगायला स्वीडनहून कुणी यायची गरज नव्हती. अद्रकातलं तिखटही त्याच दारावर थाप मारतं. तेव्हा तर्रीवर उकळता अद्रकवाला चहा म्हणजे आगीत तेल. मिरचीचं तिखट पाण्यानं हटत नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन मात्र त्याला धरून जिभेवरून उतरवतं.

यावर कुणी म्हणेल, डिसेंबरात अद्रकाशिवाय भागत नाही. कबूल. ताडोबाच्या गेटवर पहाटे उघड्या जिप्सीत कुडकुडणाऱ्यानं अद्रकवाला खुशाल प्यावा, पण पोह्यांच्या आधी. दुसरा विचारील, गडचिरोलीतल्या भामरागडकडे तर कोरा चहा चालतो, त्याचं काय? तो तर माझ्याच बाजूचा साक्षीदार. तिथल्या माडिया गोंडांत गाईचं दूध वासराचं मानून ते न काढण्याची रीत होती. आणि सकाळी पोटात पातळ पेज जाणार असेल, तर विझवायला आग आहेच कुठे? तिथेही चहा जेवणाला धरूनच आहे. तिसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो वजनदार आहे: खाण्यासोबत घेतलेला चहा अन्नातलं लोह शरीराला नीट घेऊ देत नाही. इथे युक्तिवाद चालत नाही. ज्यांचं रक्त कमी आहे, त्यांनी पोह्यांवर लिंबू सढळ हातानं पिळावं, विझवायला चहा नसेल म्हणून तर्री बेतानं घ्यावी आणि चहा तासाभरानं प्यावा. बाकीच्यांनी ठेल्यावर उभं राहिल्यावर आधी प्लेटीत बघावं, मग तोंड उघडावं.