मी टाइम

वाकडला दत्त मंदिर रोडवरच्या दर सोसायटीत एक तरी ‘मी टाइम’वाला गृहस्थ सापडतो. आमच्या मजल्यावरचे साहेब त्यातलेच. आमच्यासारखेच कॅथलिक, मूळचे श्रीरामपूरकडचे. हिंजवडीहून भूमकर चौकाची कोंडी पार करून घरी पोचले, की बूट काढता काढता म्हणतात, ‘‘आता जरा मी टाइम.’’ शब्द इंग्रजी आहे म्हणे. साहेबांच्या तोंडी मात्र तो शुद्ध मराठी वाटतो.

मग कानांवर हेडफोन आणि बुडाखाली मसाजची खुर्ची. खुर्ची हप्त्यावर आली, त्याच महिन्यात मुलीची सहल रद्द झाली. शेजारच्या खोलीत वहिनी लेकीला घेऊन रोझरी म्हणतात, इकडे खुर्ची घुर्र घुर्र करते. भिंतीतून मला दोन्ही ऐकू येतं. ताल बरा जमतो.

साहेब अधर्मी मात्र नाहीत हं! नियमाला भलते काटेकोर. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांसाला शिवत नाहीत. पापलेट मांसात मोडत नाही, म्हणून त्या दिवशी दोन. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खादाडपणाचे पाच प्रकार सांगून ठेवलेत: वेळेआधी खाणं, महागडं खाणं, फार खाणं, हावरटासारखं खाणं आणि चोचले करत खाणं. साहेबांचे पाचही एका ताटात उरकतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर लिहिताना घरात तीन गोष्टी बोलत जा म्हटलं होतं: ‘चालेल का’, ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’. साहेब त्या तिन्ही बोलतात. मॉलमधल्या सेल्समनशी.

महिन्याभरापूर्वीच्या एका गुरुवारची गोष्ट. वहिनींनी चिकनच्या दोन तंगड्या स्टीलच्या डब्यात काढून ठेवल्या होत्या. मुलीला अजून चौदा पूर्ण नाहीत, म्हणजे शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम तिला लागू नाही. क्लासहून आली की खाईल, एवढाच हिशेब. रात्री अकरा पन्नासला साहेबांना जाग आली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला अभिमानाने सांगत होते, ‘‘शुक्रवार लागायच्या आत संपवलं!’’

मुलीने संध्याकाळी डबा उघडला. तळाला गोठलेला रस्सा, त्यात दोन हाडं, वर झाकण घट्ट लावलेलं. हाडं टाकायची तर कचऱ्याच्या डब्यापर्यंत चार पावलं चालावं लागलं असतं ना!

वहिनी बोलल्या, तर साहेब म्हणाले, ‘‘मी शुक्रवार मोडला का? सांग.’’ नव्हता मोडला. खरंच नव्हता.

तेव्हापासून दर गुरुवारी रात्री नऊच्या सुमारास आमची बेल वाजते. दारात मुलगी, हातात तोच डबा. ‘‘काकू, फ्रिजमध्ये जागा आहे?’’ वरचा कप्पा मी तिच्यासाठी रिकामा करून ठेवलाय, आणि आमच्या ह्यांना सांगितलंय, त्या कप्प्याला हात लावायचा नाही.