वादाआधीचा वाद

आंतरराष्ट्रीय खासगी कायद्याच्या प्राध्यापकाला लग्नाच्या पंगतीत हमखास युक्रेनविषयी विचारतात. युद्धे, तह आणि संयुक्त राष्ट्रे हा खरे तर शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचा प्रांत. याच्या वाट्याला येतात परदेशी घटस्फोट, बंदरात अडकलेले कंटेनर आणि दोन देशांत घरे करून मृत्युपत्राविना गेलेले काका.

खरे कोणाचे, हे तो कधीच सांगत नाही. खटला कुठे चालवायचा, कायदा कोणत्या देशाचा लावायचा आणि आलेला निकाल दुसरीकडे मानतील का, एवढ्यात त्याची हयात जाते. बहीण डोळे पुसत न्यू जर्सीतल्या मुलाचा संसार मोडल्याचे सांगते, हा विचारतो, "अधिवास कुठला धरलाय?" मग सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल निघतो: हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावरून परदेशात मिळालेला घटस्फोट इथे सहसा टिकत नाही. म्हणजे भाचा न्यू जर्सीत सडा आणि पुण्यात विवाहित! हे सांगताना मामाचा चेहरा असा उजळतो की बहीण उठून आत जाते.

वर्गात त्याचा लाडका माणूस फोर्गो. हा बव्हेरियन गृहस्थ १८६९ साली फ्रान्समध्ये वारला, पैसाअडका तिथेच. फ्रेंच कायदा म्हणाला, बव्हेरियाचे नियम पाहा. बव्हेरियाचे नियम म्हणाले, फ्रान्सचे पाहा. १८८२ मध्ये फ्रेंच न्यायालयाने हा परतलेला चेंडू झेलला आणि इस्टेट फ्रेंच सरकारला गेली. आईकडचे नातेवाईक हात हलवत परतले. या टोलवाटोलवीला 'रेन्व्हॉय' म्हणतात. परीक्षेत ती विचारली जातेच.

कारकिर्दीचा कळस म्हणजे हेगच्या अकादमीतला उन्हाळी वर्ग. ब्रेक्झिटने युरोपातल्या या मंडळींची ग्रंथसंपदा एका रात्रीत जुनी केली. दुःख फार टिकले नाही, कारण सगळ्यांनाच नव्या आवृत्त्या काढायच्या होत्या.

घरी तो खरेदीची पावती आधी तळाशी वाचतो: 'वाद मुंबई न्यायालयाच्या कक्षेत'. मिक्सर ठाण्यात घेतलेला असतो. तो चालतो का, हे बायकोच बघते.

सल्ल्यासाठी मात्र त्याच्याकडे जाऊ नये असे नाही. अमेरिकेत खटला जिंकून आलेला व्यापारी पेढे घेऊन येतो. प्राध्यापक पेढा खातो आणि समजावतो की ब्रिटन किंवा सिंगापूरच्या वरिष्ठ न्यायालयांचा हुकूमनामा इथे थेट अंमलात आणता येतो, अमेरिकेचा नाही. त्या निकालाच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागेल, तोही तीन वर्षांच्या आत.