पारखी तात्या

दसऱ्याच्या सुमारास धारूरच्या घाटाकडं निघालात की रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. बालाघाटच्या डोंगरातल्या या फळाला सरकारी भौगोलिक मानांकन मिळालं 2016 साली. तात्यांनी ते कधीच देऊन टाकलं होतं.

"वरची साल बघायचीच नाही," फळ दाबून न बघता नुसता अंगठा फिरवत तात्या सांगतात. "डोळं उघडलंय का बघायचं. काळं पडलं तर पडू द्या. आत साखर हाय."

ही पारख पाटीतच राहिली. सोयरिकी जमवणं हा तात्यांचा खरा उद्योग, आणि तिथं त्यांची नजर आधी बुटांवर, मग पँटीच्या घडीवर, आणि वेळ उरलाच तर तोंडावर जाते. आमच्याकडं पांढऱ्या कडक कपड्यांना तसाही मान फार. एक ऊसतोड्याचं पोरगं त्यांनी शिवलेल्या चपलेपायी नाकारलं. ते आता तालुक्याला मास्तर आहे. तात्यांच्या बोलण्यात अजून "ते शिवलेल्या चपलेवालं".

स्वतःचा जावई मात्र बिनसुरकुतीचा निवडला. लेक रोज सकाळी दोन जोड इस्त्री करते, जावईबापू ते घालून चौकात उभे राहतात. कामाचं स्वरूप आम्हाला अजून समजलेलं नाही.

एकदा मी तात्यांना अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांच्या पासोडीबद्दल सांगितलं. चाळीस फूट लांब, चार फूट रुंद जाडंभरडं कापड, आणि त्यावर चारशे वर्षांपूर्वी लिहिलेलं पंचीकरणाचं, म्हणजे पंचमहाभूतांचं, सगळं तत्त्वज्ञान. तात्या हळहळले. "चाळीस फूट! लिहून लिहून वाया घालवलं की वो."

परवा घाटात भेटले. मला खुर्ची दिली, पाटीतलं सगळ्यात काळं फळ निवडून हातावर ठेवलं. "दिसण्यावर जाऊ नका, खाऊन बघा." खरोखर साखर होती. बिया थुंकायला मी वाकलो, तशी त्यांची नजर माझ्या धुळीनं भरलेल्या चपलांवर गेली.

"एसटीनं आलाव का?"

"हो."

तेवढ्यात समोर एक पांढरी गाडी थांबली. तात्यांनी माझ्या पाठीवर प्रेमानं हात ठेवला.

"जरा उठा. खुर्ची लागतीय."