गच्चीची किल्ली आणि कलम १९

हिंदू कॉलनीत राहणाऱ्याला राज्यघटना वेगळी वाचावी लागत नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता. बाबासाहेबांचं राजगृह आमच्या घरापासून जवळच. सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेला जनसागर लहानपणापासून पाहिलेला. मनोहर जोशींनी १९९५ साली आणि उद्धव ठाकऱ्यांनी २०१९ साली मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती शिवाजी पार्कवर. त्यातल्या एका शपथविधीला मी कुंपणाबाहेर भेळ खात हजर होतो. मंत्र्यांच्या शपथेचं कलम १६४ मी असं उभ्याउभ्या आत्मसात केलं. बाहेरगावच्या पाहुण्यांना तर 'घटना इथंच, या गल्लीत लिहिली गेली' असंही मी ठोकून द्यायचो. मसुदा समितीचं काम दिल्लीत चाललं, हा तपशील पाहुण्यांनाही ठाऊक नसे, त्यामुळे कुणाचंच अडलं नाही.

घरात संविधानाची प्रत होती. २०१४ ची, शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून घेतलेली. सरनामा वाचून गहिवरलो आणि पुस्तक शोकेसमध्ये ठेवलं. ते बाहेर निघालं ते गच्चीच्या किल्लीपायी.

आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरींच्या कमरेला असते. बायकोचे सांडगे वाळायचे तर त्यांची दुपारची झोप होईपर्यंत थांबायचं. हे मूलभूत हक्कांचं उल्लंघन आहे असं मला एका रात्री अचानक वाटलं. पुस्तक उघडलं तर काय, कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलेलं: भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क. गच्ची भारतातच आहे. पुढे चाळता चाळता भाग नऊ-ख सापडला आणि मी पलंगावर उठूनच बसलो. अख्खा भाग सहकारी संस्थांवर! समितीत २१ पेक्षा जास्त सदस्य नकोत, मुदत पाच वर्षं, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा. आमचे सेक्रेटरी पाच वर्षं केव्हाच ओलांडून बसलेले. मला झोप लागली नाही.

वार्षिक सभा पार्किंगमध्ये भरली. गणसंख्येअभावी ती अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने तेवढ्याच माणसांत कायदेशीर झाली. रंगकामाचं कोटेशन निघायच्या आत मी उभा राहिलो. पार्किंगसाठी कलम १४, किल्लीसाठी कलम १९, टाकीच्या पाण्यासाठी कलम २१. समितीला घटनाबाह्य ठरवलं आणि शेवटी, बाबासाहेबांनी ज्याला संविधानाचा आत्मा म्हटलं त्या कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. खजिनदार म्हणाले, "जाऊन या ना दिल्लीला. तोवर आम्ही रंगाचं मंजूर करतो."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची मुलगी उभी राहिली. एमपीएससीचा अभ्यास करते. मला वाटलं, कुमक आली.

"काका, नऊ-ख आपल्याला लागू नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये रद्द केलाय."

तो भाग ९७ व्या घटनादुरुस्तीने आला. पण सहकारी संस्था हा विषय सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत, ३२ व्या नोंदीत. राज्यांच्या अधिकाराला असा हात घालायचा तर संसदेची मंजुरी पुरत नाही. कलम ३६८ प्रमाणे निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. ती घेतलीच नव्हती. म्हणून राज्यातल्या राज्यात काम करणाऱ्या संस्थांपुरता तो भाग बाद झाला. अनेक राज्यांत पसरलेल्या संस्थांपुरता राहिला. आमची सोसायटी हिंदू कॉलनीत सुद्धा पसरलेली नाही.

"पण मुद्दा बरोबर आहे तुमचा," ती म्हणाली. एकवीस सदस्य आणि पाच वर्षं महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातच आहेत. तो राज्याच्या विधिमंडळाने केलेला कायदा, तो लागू. म्हणजे मी योग्य गुन्ह्यासाठी चुकीच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसलो होतो.

मी किल्लीवर अडून राहिलो. तिने कलम १२ काढलं. मूलभूत हक्क मुख्यत्वे 'राज्या'विरुद्ध मागायचे असतात: केंद्र सरकार, संसद, राज्य सरकार, विधिमंडळ, महापालिका वगैरे. गृहनिर्माण सोसायटी त्यात बसत नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलंय की तिच्या उपविधींविरुद्ध मूलभूत हक्क पुढे करता येत नाहीत. (पारशी कॉलनी आमच्या शेजारी. तिथल्या कुणीही मला हे कधी सांगितलं नाही.) किल्लीसाठी उपविधी बघा, निबंधकांकडे अर्ज करा, सहकार न्यायालय आहे. सेक्रेटरी तिच्याकडे कौतुकाने पाहत होते. त्यांनी कमरेची किल्ली चाचपली.

मी खाली बसत होतो. पण तिचं संपलं नव्हतं.

"काही कलमं मात्र शेजाऱ्यालाही लागतात, काका. सतरावं. अस्पृश्यता नष्ट केली आहे, कुणीही पाळायची नाही. ते फक्त सरकारला सांगितलेलं नाही. लिफ्टबाहेर पाटी आहे ना आपल्याकडे, 'मोलकरीण व सफाई कामगारांनी जिना वापरावा'? सतरावं तिला लागतं का, त्यावर वकील भांडतील. पण एवढं पुस्तक वाचलंत, तर त्या पाटीबद्दल एकदा तरी विचारायचंत."

पार्किंगमध्ये कुणी काही बोललं नाही. खजिनदारांनी घसा साफ केला आणि रंगाचं कोटेशन वाचायला घेतलं. तीन रंगांत ऑफ-व्हाइट मंजूर झाला. मग बटाटेवडे आले. ते वरच्या मजल्यावरच्या आजींच्या कामाच्या बाई चार मजले जिन्याने उतरून घेऊन आल्या. राजगृहापासून इतक्या जवळ राहून ती पाटी मी रोज वाचत होतो, लिफ्टची वाट बघताना.

निबंधकांकडे समितीच्या मुदतीबद्दल अर्ज गेला आहे. मजकूर त्या मुलीचा, सही माझी. पाटी काढण्याचा ठराव पुढच्या सभेसाठी लेखी दिला आहे, अनुमोदक अजून मिळालेला नाही. सभा तीस सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. ते राज्याच्या कायद्यात आहे, कलम ७५.