क्विझमास्तर

१५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, राज्यभर वाचन प्रेरणा दिन असतो, आणि त्या दिवशी शाळेशाळेत एक क्विझमास्तर उगवतो. एरवी तो भूगोल शिकवतो. आवाज मोठा, एवढ्याच गुणावर त्याची निवड झालेली असते. माइक ऐनवेळी बंद पडणार हे मुख्याध्यापकांना ठाऊक असतं.

संघांना तो हौसेने संतांची नावं देतो. मग सभागृहात तासभर जे कानी पडतं, ते कुठल्याही वारकऱ्याने ऐकू नये. ‘‘तुकाराम, वजा पाच!’’ ‘‘एकनाथ, गप्प बसा, पाळी रामदासांची आहे!’’ ‘‘ज्ञानेश्वर, शेजाऱ्याच्या कानात काय सांगताय?’’

माणूस वाईट नाही. आदल्या रात्री जागून तो सुवाच्य अक्षरात कार्डं लिहितो. पण एकदा लिहिली की ती वेदवाक्य. ‘श्यामची आई’त रात्री किती? ‘‘४२!’’ बरोब्बर. तेवढ्यात एखादं पोर उत्साहाने सांगू लागतं, ‘‘सर, आणि त्यातल्या बऱ्याचशा रात्री साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत...’’

‘‘विचारलं तेवढंच बोला. वेळ जातोय.’’

खरी गंमत पुढेच. ‘‘पांडुरंग हे कोणाचं नाव?’’

ज्ञानेश्वर संघ घंटी बडवतो. ‘‘विठ्ठलाचं!’’

चूक. (हे ज्ञानेश्वरांना सांगायला छाती लागते.) तुकाराम गोंधळून पास म्हणतात. एकनाथ संघातली चष्मेवाली मुलगी हळूच म्हणते, ‘‘सर, ‘कोसला’च्या नायकाचं. पांडुरंग सांगवीकर.’’ सर कार्ड उलटं करून पाहतात. मागेही ‘कोसला’कार नेमाडे नसतात. ‘‘अभ्यासक्रमाबाहेरचं चालणार नाही!’’ मराठीच्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठतात. ‘‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील,’’ असं सर म्हणतात, आणि परीक्षक बाईच आहेत हे विसरून निर्णय स्वतःच देतात.

उरले रामदास. त्यांना काहीच येत नसतं, पण उत्तर जवळ आलं की सरांचे ओठ आपोआप हलतात. ‘सा...’ एवढं दिसलं, की रामदास ओरडतात, ‘‘साने गुरुजी!’’ दहा गुण, टाळ्या, आणि स्पर्धा खिशात.

विजेत्यांना पाण्याच्या बाटल्या मिळतात. पुस्तकं का नाहीत, असं विचारलं तर सर समजुतीने सांगतात, ‘‘मुलं वाचत नाहीत हो हल्ली.’’

यंदा तुमच्या शाळेत त्यांना बोलवा जरूर. फक्त कार्डं आधी त्या चष्मेवाल्या मुलीकडून तपासून घ्या.