आईने तोंड उघडलं की साबणाचं औषध होतं

एडिसन, न्यू जर्सी
२१ सप्टेंबर २०२५

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र हाताने लिहिते आहे, कारण बाबांना मोबाइलवर चार ओळींपलीकडे वाचायचा कंटाळा, आणि आई, फोनवर तुला एवढे प्रश्न सुचतात की उत्तरं ऐकायला वेळच उरत नाही.  शेजारच्या काकू परवा मुंबईला निघाल्या आहेत, त्यांच्या बॅगेत हे पत्र आणि साबणाच्या सहा वड्या दिल्या आहेत. वड्या वापरायच्या आहेत, शोकेसमध्ये ठेवायच्या नाहीत.

बाबा, तुम्ही दर वेळी विचारता, "साबणावर घर चालतं का गं?" अख्खं घर नाही चालत. किराणा चालतो, मुलांचे क्लास चालतात, गाडीचा विमा निघतो. घराचा हप्ता तुमच्या जावयांच्या कंत्राटी कामातून जातो. त्यांची पक्की नोकरी गेली तेव्हा मी हौसेने तळघरात साबण करत होते. आता हौस बाजूला राहिली आणि हिशेबाची वही आली. वही म्हणजे एक्सेल. बारा वड्यांच्या घाण्याला जावईबापूंनी अशी शीट केली आहे की तिच्यावर एखादी बँक चालावी.

घाण्याचा हिशेब सांगते. ऑलिव्ह तेल ५०० ग्रॅम, खोबरेल ३००, शिया बटर १५०, एरंडेल ५०. या एक किलोला कॉस्टिक सोडा १४० ग्रॅम. प्रत्येक तेलाची भूक वेगळी. १०० ग्रॅम खोबरेल १८ ग्रॅम कॉस्टिक खातं, ऑलिव्हचं साडेतेरात भागतं. म्हणून "आज ऑलिव्ह संपलंय, खोबरेल ढकलू" हा तुझा स्वयंपाकघरातला कायदा इथे चालत नाही. हिशेबाने लागतं त्याहून पाच टक्के कॉस्टिक कमीच घालतो, म्हणजे थोडं तेल वडीत तसंच राहतं आणि अंघोळीनंतर हातपाय उलत नाहीत. हे मी तुला सांगू शकते. गिऱ्हाइकाला सांगितलं तर सरकारदरबारी प्रकरण बदलतं, ते पुढे येईलच.

कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकात कधीही नाही. घातल्याबरोबर पाणी गॅसशिवाय उकळीच्या आसपास जातं. त्या वेळी तुमचे जावई ऐन जुलैत पूर्ण बाह्यांचा शर्ट, कोपरापर्यंत रबरी मोजे आणि डोळ्यांना गॉगल अशा थाटात उभे असतात. तळघराची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. समोरचे आजोबा हल्ली आम्हाला अंमळ जास्तच अदबीने हात करतात. तू दिलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं मात्र यातून कायमचं मुक्त आहे. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातं आणि वर हायड्रोजन सोडतं. पातेल्यात भातच होतो, काळजी नसावी.

सांगलीच्या हळदीने इथे मोठी करमणूक केली. चुना लागला की हळदीचं कुंकू होतं, हे तुला मी काय सांगावं! कॉस्टिकनेही तेच होतं. घोळ लालभडक झाला तेव्हा थोरली किंचाळली, "ममा, ब्लड!" पुढे वाळता वाळता तो रंग उतरून मोहरीसारखा पिवळा होतो. मोगऱ्याचा स्वभाव निराळा. फुलांचे काही सुवास पडले की घोळाला श्वास घ्यायची फुरसत देत नाहीत; साच्यात ओतेपर्यंत पातेल्यातच गठ्ठा. त्यामुळे मोगरा करायचा असेल तर घरात दोन तास कुणी कुणाला हाक मारायची नाही, दारावरची बेल वाजली तरी उघडायचं नाही, असा नियम आहे. लवंगेचं तेलही त्याच गोत्रातलं.

साबण झाला की नाही हे कसं कळतं, ते बाबांनी विचारलं होतं. वडीला जिभेचं टोक लावायचं. बॅटरी चाटल्यासारखा झटका बसला तर कॉस्टिक शिल्लक आहे. नुसती साबणाची चव आली तर पास. हे काम जावयांकडे आहे. लग्न ठरवताना तुम्ही त्यांचा पगार विचारलात, पत्रिका जुळवलीत, जिभेची चौकशी केली नाहीत. पण माणूस चांगला निघाला.

मग वाळवण. चार ते सहा आठवडे वडी फळीवर नुसती बसून राहते. कापताना चार औंसांच्या वर भरते, वाळून हलकी होते, म्हणून लेबलावर साडेतीन लिहितो. दिवाळीचा माल गणपतीतच ओतावा लागतो. या वर्षी २७ ऑगस्टला आरती झाली, प्रसाद वाटला आणि रात्री तळघरात उटण्याच्या वासाचे घाणे लावले. नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला, म्हणजे वड्यांना सात आठवड्यांहून जास्त विश्रांती मिळेल. घरात एवढी विश्रांती दुसऱ्या कुणाला नाही. फळ्या पाहुण्यांच्या खोलीत आहेत. पाहुणे तिथेच झोपतात आणि सकाळी अंघोळ न करताच सुवासिक होऊन चहाला येतात.

आता मुख्य मुद्दा, आणि आई, हा तुझ्यासाठी आहे. इथला कायदा असा. तेल आणि कॉस्टिकचा साबण "अंग स्वच्छ करतो" एवढंच म्हणत असेल, तर तो साबण, आणि तो ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अखत्यारीत. त्याने "त्वचा मऊ करतो, कांती उजळवतो" म्हटलं की ते सौंदर्यप्रसाधन, आणि एफडीए लक्ष घालणार. "मुरुमं जातात, खरूज बरी होते" म्हटलं की ते औषध, आणि मग औषध कंपनीला लागू होतं ते सगळं आपल्या तळघराला लागू. वडी तीच, तेल तेच, जावयांनी चाटलेली तीच. फरक फक्त विकणाऱ्याच्या तोंडाचा.

आणि तू मे महिन्यात आमच्या शनिवारच्या बाजारात टेबलामागे उभी राहिलीस! पहिल्या दहा मिनिटांत तू हळदीच्या वडीला मुरुमांवर लावलंस, कडुनिंबाच्या वडीला इसबावर, आणि एका उंच गृहस्थांना खूण करून सांगितलंस की केससुद्धा येतात. त्यांनी चार वड्या घेतल्या. ते अजून येतात, टोपी घालून. थोरली लेबलं करते, तिने तेव्हापासून घरात फलक लावला आहे: "आम्ही स्वच्छ करतो. बस."

माझं मत विचारशील तर या धंद्यात साबण करणं सोपं आहे, गप्प बसणं अवघड आहे. मराठी माणसाला आपल्या मालाची स्तुती करता येत नाही असं बाबा म्हणतात. ते तुझ्याबरोबर बाजारात उभे राहिलेले नाहीत.

गिऱ्हाइकं दोन जातींची. अमेरिकन बाई विचारते, "यात केमिकल नाही ना?" कॉस्टिकशिवाय साबण होत नाही आणि झालेल्या साबणात कॉस्टिक उरत नाही, हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की धाकटा ते पाढ्यासारखं म्हणतो. मराठी बाई काही विचारत नाही. ती आठ डॉलर ऐकते, डोळे मिटून रुपये करते, "सातशे!" म्हणते आणि मोती साबणाचा भाव सांगते. मग मंडळाच्या सभासदांना काही कमी आहे का, ते बघते. शेवटी दोन वड्या घेते आणि तिसरी हुंगून परत ठेवते. वर आठ डॉलरच्या वडीवर ५३ सेंट विक्रीकर. न्यू जर्सीत कपड्यांवर हा कर नाही, साबणावर आहे. म्हणजे सरकारच्या मते कपडे ही गरज आणि अंघोळ ही चैन.

बारा वड्यांचे ९६ डॉलर येतात. तेलं, सुवास, डब्या, लेबलं यांत तीसेक जातात, मग जागाभाडं, मग विमा. वडी घसरून कुणी न्हाणीघरात पडलं तर वकील आधी आमच्याकडे येईल, म्हणून तो विमा आधी आणि नवा मिक्सर नंतर. उरतं ते थोडं, पण दर आठवड्याला उरतं. जावई म्हणतात, आजवरच्या नोकऱ्यांत त्यांनी केलेलं काम कुणी हातात घेऊन हुंगलं नव्हतं.

बाबा, तुमचा सल्ला आम्ही मानला. अर्देशर गोदरेजांनी आधी "नंबर २" साबण बाजारात आणला आणि "नंबर १" मागाहून, म्हणजे दोन नंबर असा तर एक नंबर कसा असेल या विचाराने लोक थांबतील, ही गोष्ट तुम्ही सांगितलीत. आम्ही हळदीच्या वडीचं नाव "नंबर २" ठेवलं. छान खपते.

उद्या घट बसतील. तब्येतीला जपा. मुलांचा नमस्कार, जावयांचा साष्टांग. कळावे, लोभ असावा.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, "नंबर २" नेणारे सगळे आता "नंबर १" कधी येणार म्हणून विचारतात. तो अस्तित्वात नाही. त्यात काय घालायचं ते तुम्हीच कळवा, आणि वाळवणाचे सहा आठवडे धरून कळवा. आईला विचारलंत तरी चालेल, पण तो कशावर चालतो ते तिला लिहू देऊ नका.