हाफ चड्डीतला हवालदार

मामांच्या किराणा दुकानासाठी २००२ साली मी उधारीखात्याचा प्रोग्राम लिहिला. तोही जावात, कारण ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ ही जावाची घोषणा मी मनावर घेतली होती.

दुकानात नवाकोरा विंडोज एक्सपी. निळी पट्टी, हिरवं स्टार्ट बटण, मुंजीतल्या बटूसारखा नटलेला. माझ्या प्रोग्रामची वरची पट्टी झकास निळी आली, कारण ती विंडोजने स्वतः दिलेली. आत मात्र सगळी बटणं करडी, चौकोनी, विंडोज ९५च्या काळातली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“हा इथला वाटत नाही रे.”

“मामा, विंडोजसारखंच दिसायला सांगितलंय त्याला.”

“आपल्या गावात बहुरूपी यायचा बघ, हवालदार होऊन. पोलिसांना फुल पँट मिळून वर्षं लोटली, तरी हा हाफ चड्डीतच. शेंबडी पोरंसुद्धा घाबरायची नाहीत.”

कॉम्प्युटरला हात न लावता मामांनी अचूक निदान केलं होतं. जावाचं बटणं दाखवणारं स्विंग हे सोंगच. ते विंडोजकडून बटण मागून घेत नाही, स्वतःच रंगवतं. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये गणवेश बदलला; स्विंगच्या शिंप्याने नवा शिवून दिला २००३ मध्ये, आवृत्ती १.४.२ला. तोवर टोपी नवी, चड्डी जुनी. स्विंगच्या आधीचं एडब्ल्यूटी खरी बटणं मागून आणायचं, पण सगळ्यांच्या घरी सापडतील तेवढीच. त्यामुळे त्यात तक्ताच नाही. आता तक्त्याशिवाय उधारी काय ओव्या रचून लिहायची?

पुढे मामांच्या नातीने मॅक घेतला. प्रोग्राम तिथेही चालला, म्हणजे घोषणा खरी ठरली. मॅकवर मेनू पडद्याच्या माथ्यावर असतो. माझा खिडकीतच बसून राहिला, पंगत सोडून स्वयंपाकघरात जेवणाऱ्या पाहुण्यासारखा. तेही खपलं असतं. पण विंडोजवर ‘ठीक’ आधी आणि ‘रद्द’ नंतर. मॅकवर ‘ठीक’ उजव्या टोकाला. नातीचा हात सवयीने उजवीकडे जाई, आणि तिथे माझं ‘रद्द’. एका दुपारी तिने सतरा गिऱ्हाइकांची उधारी मन लावून भरली आणि सतराही वेळा माफ केली. गिऱ्हाइकं अजून माझं नाव काढतात.

परवा तिने मामांना नवा प्रोग्राम दाखवला, इलेक्ट्रॉनवर केलेला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा अख्खा क्रोमियम ब्राउझर पाठीवर घेऊन फिरणारा. विंडोजवर आणि मॅकवर एकच चेहरा, ना याचा ना त्याचा.

“हा कुणाचं सोंग घेऊन आलाय?” मामांनी विचारलं.

“कुणाचंच नाही, आजोबा. आता तशीच पद्धत आहे.”

“मग याला पैसे कशाचे द्यायचे?”